कामटी, सूत आणि खळ : वर्ध्याच्या घरसजावटीचा आढावा

वर्ध्याने देशाला साधेपणा शिकवला, पण सौंदर्याशी त्याचे कधी जमले नाही, असे एक मत दिवाळी अंकांतून आणि रविवारच्या पुरवण्यांतून पुन्हा पुन्हा छापून येते. खादी, चरखा, सारवलेली जमीन, मातीची भिंत. यात सजावटीला जागा कुठे, असे हे जाणकार विचारतात आणि उत्तरासाठी थांबत नाहीत. चित्रकलेची शिक्षिका म्हणून याच जिल्ह्यात माझी हयात गेली. म्हणून ठामपणे सांगते, हे मत चुकीचे आहे. वर्धा जिल्ह्यात घर सजवण्याची परंपरा जुनी आहे, बारकाईची आहे, आणि तिचे दोन कणे आहेत. एक, साहित्य वावरातून आणि शेजारच्या कारागिराकडून यायचे. दोन, काम एकट्याने करायचे नसे. संध्याकाळी चौघीजणी एका ओट्यावर बसत आणि हात चालत असताना गप्पाही चालत. या दुसऱ्या कण्याकडे अभ्यासकांचे लक्ष जवळजवळ गेलेच नाही. वस्तू संग्रहालयात ठेवता येते, ती संध्याकाळ ठेवता येत नाही, हे त्याचे कारण असावे.

भिंत आणि अंगण यांच्याविषयी इतरांनी भरपूर लिहिले आहे, म्हणून मी ते भराभर उरकते. दसऱ्याआधीची छपाई, चुन्याचा हात, खाली गेरूचा पट्टा, दारापुढे सडा आणि त्यावर रांगोळी. पोळ्याला गावाच्या वेशीवर आंब्याच्या पानांचे तोरण, घरोघरी पळसाचे मेढे. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजवायची पोरांची धांदल. सेलू तालुक्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा ज्याने पाहिला, त्याला पुरुषभर उंचीच्या नंदींची झूल, घुंगरे आणि रंगवलेली शिंगे वेगळी सांगायला नकोत. या सगळ्यावर लेख आहेत, छायाचित्रे आहेत.

भुलाबाईकडे मात्र फक्त गाण्यांचे संग्राहक गेले. गाणी त्यांनी उतरवून घेतली, आणि ते फार चांगले केले. पण गाणी म्हणणाऱ्या पोरींच्या हातात त्या वेळी काय होते, हे कुणी लिहिले नाही. भाद्रपदाच्या पौर्णिमेला मातीच्या भुलाबाई-भुलोजी घरात येत आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी या घरून त्या घरी जात. गाणी, टिपऱ्या, शेवटी खाऊ ओळखायचा. माझे बालपण आर्वीकडच्या एका खेड्यात गेले. तिथे आमची भुलाबाई कोनाड्यात बसायची आणि तो कोनाडा महिनाभर बदलत राहायचा. आज झेंडूची माळ, उद्या कागदाची जाळी, परवा सरकी काढलेल्या कापसाची वस्त्रमाळ. कापसाचे पोळे बोटांनी विंचरून लांब ओढायचे आणि वीतभर अंतरावर कुंकवाच्या बोटाने दाबून चपटे करायचे, हे मला आजीने शिकवले नाही. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या शेजारच्या पोरीने शिकवले. या कलेची शाळा अशी आडवी चालायची, पोरीकडून पोरीकडे.

कोजागिरीच्या दिवशी ज्वारीच्या धांड्यांचा मखर. वावरात ज्वारी उभीच असायची. पाच ताठ धांडे कणसांसकट उपटून आणायचे, वरची टोके एकत्र बांधायची, पाय पसरवायचे आणि आत भुलाबाईला बसवायचे. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात पाच धांडे एका गाठीत आवळणे हे दोन हातांचे काम नाही. एकीने धांडे धरायचे, दुसरीने दोर फिरवायचा, तिसरीने गाठीवर बोट ठेवायचे आणि चौथीने लांब उभे राहून मखर कुठे कलतो ते सांगायचे. या जिल्ह्याच्या घरसजावटीतले सगळे तंत्र त्या एका गाठीत आहे, असे मी वर्गात सांगत असे आणि आजही तेच म्हणते.

आता मगनवाडी. 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे ठाणे वर्ध्यात जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत पडले. मगनलाल गांधींच्या नावाने ती जागा मगनवाडी झाली. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पांनी इथे घाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ, मधमाश्या, हातकागद असे एकेक उद्योग हाती घेतले. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. या काळाचा इतिहास अर्थशास्त्राच्या अंगाने सांगितला जातो आणि तो तसा सांगायलाच हवा. पण मगनवाडीतल्या दोन गोष्टी आमच्या विषयाच्या थेट आहेत. पहिली हातकागद. सुती चिंध्यांच्या लगद्याचा हा कागद उजेडासमोर धरला की तंतू दिसतात आणि उजेड डोळ्यांत न घुसता सगळ्या तावभर सारखा पसरतो. दुसरी मगनदीप. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा हा कंदील मगनवाडीत तयार झाला, खेड्यातला पैसा खेड्यात राहावा म्हणून. आपल्या वावरातले तेल, आपल्या चिंध्यांचा कागद आणि आपल्या हाताचा दिवा ही कल्पना वर्ध्याने आधी उपयोगासाठी मांडली. सण तिच्याकडे पुढे आपसूक वळला.

सेवाग्रामचे तर बोलूच नये अशी काही जणांची इच्छा दिसते, कारण तिथे गेले की त्यांचे मत टिकत नाही. 1936 साली गांधीजी शेगावात राहायला आले. पुढे त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. बापू कुटीच्या भिंतीवर मीराबहेनने मातीतच उठावाचे काम केले आहे. ताडाची झाडे, चरखा, ॐ. रंग नाही, फ्रेम नाही, बाहेरून आणलेली एकही वस्तू नाही. भिंतीच्याच मातीचा थोडासा उंचवटा आणि तिरप्या उन्हाने त्याला दिलेली सावली. एका इंग्रज नौदल अधिकाऱ्याच्या मुलीने हे केले. मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सकाळी लवकर तिथे नेत असे. दुपारच्या सपाट उजेडात ते उठाव जवळजवळ दिसत नाहीत आणि पोरे काही पाहिले नाही असे म्हणत परत येतात. सजावट कोणत्या वेळी पाहायची, हेही शिकवावे लागते.

1936 च्याच डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन खेड्यात भरले. तिथली सजावट गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू, तट्टे, गवत, टोपल्या अशा गावच्या साहित्यातून उभी केली. पुढे 1938 च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी गावजीवनाची चित्रे हातकागदावर रंगवली. ज्यांच्या आग्रहाने हे घडले, ते तेव्हा वर्ध्याला राहत होते. या माणसाला आणि या गावाला सजावटीचे वावडे होते, असे लिहिणाऱ्यांनी फैजपूरच्या कमानींची छायाचित्रे एकदा नीट पाहावीत.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीम ही हस्तोद्योगातून शिकवण्याची पद्धत निघाली. आर्यनायकम् दांपत्याने सेवाग्रामात ती वाढवली आणि 1944 पासून शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद तिथे कला शिकवू लागले. मुलांच्या चित्रांवर त्यांनी पुस्तक लिहिले. ते स्वतः उत्तम कुंभारकाम करत. चित्रकला हा वेगळा तास न ठेवता स्वच्छता, सण, स्वयंपाकघर यांच्यात ती मिसळून शिकवायची, ही त्यांची धाटणी. मी शिकवू लागले तेव्हा त्याचे शासकीय नाव कार्यानुभव झाले होते, आठवड्यातून दोन तासिका होत्या आणि बहुतेक शाळांत त्या गणिताला दिल्या जात. नई तालीम कुठे सांडली, याचे उत्तर वेळापत्रकाच्या त्या दोन रकान्यांत आहे.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांबद्दल विशेष लिहिण्यासारखे नाही. वायरच्या पिशव्या, मण्यांचे पडदे, दूरदर्शन संचावर क्रोशाचा रुमाल, प्लास्टिकच्या फुलांची परडी. मेहनत त्यातही होती, पण प्रत्येक वस्तू मासिकातला नमुना बघून एकटीने केलेली असायची आणि साहित्य बाजारातले. ज्यांना या काळाचे प्रेम आहे त्यांनी त्यावर जरूर लिहावे.

मी वळते माझ्या आवडीच्या विषयाकडे, म्हणजे कोजागिरी ते वसुबारस या बारा दिवसांतल्या आकाशकंदिलाच्या बैठकांकडे. आमच्या गल्लीत या बैठका कोजागिरीच्या रात्रीच सुरू होत. दूध आटत असायचे, चंद्र वर यायला वेळ असायचा आणि रिकाम्या हाताने बसायची कुणालाच सवय नव्हती. कुणीतरी कामट्यांची जुडी सोडायचे. पुढे रोज जेवणानंतर एकेका घरी. यजमानीण चहा ठेवायची, ताटलीत गोरसपाक यायचा, शनिवारी कुणी तर्री-पोहे करायचे. पोरे, बाप्ये, आजोबा, सगळे बसत. ही बैठक केवळ बायकांची होती असे जे लिहिले जाते तेही खरे नाही. कामट्या तासायला माझे सासरे सगळ्यांत तरबेज होते.

कामट्या बुरडाकडून यायच्या. आम्ही दसऱ्याआधीच सांगून ठेवत असू, कारण ओला बांबू फाडावा लागतो. वाळका फाडला की चिरतो. बुरडकाकांचा हात बघायला पोरे जमत. कोयता बुंध्यावर टेकवून एक हलका ठोका, मग मनगटाची पिळवण, आणि कामटी सरळ रेषेत पेराच्या पलीकडे निघून जायची. घरी आणल्यावर रात्रभर पाण्यात, सकाळी सावलीत, संध्याकाळी तासायला.

जुना पारंपरिक कंदील चोवीस काड्यांचा. सहा चौकोन, प्रत्येकाला चार काड्या. पहिला नियम असा, की एक काडी माप म्हणून वेगळी ठेवायची आणि बाकी सगळ्या तिच्याशीच जुळवून कापायच्या. नवखे लोक कापलेल्या काडीवरून पुढची काडी कापतात. दहाव्या काडीपर्यंत फरक बोटभर होतो आणि कंदील तिरळा होतो. सहा चौकोन बांधून झाले की एक चौकोन खाली, एक वर, आणि मधले चार कोपऱ्यावर उभे करून कोपऱ्याला कोपरा जोडायचा. बारा ठिकाणी चार-चार काड्या एकत्र येतात. आणि मग ज्याची पोरे वाट पाहत असतात ते घडते. कुणीही न बांधलेले आठ त्रिकोण चौकोनांच्या मध्ये आपोआप उभे राहतात. भूमितीच्या तासाला कधी न बोललेला मुलगा इथे बोटाने त्रिकोण मोजताना मी पाहिला आहे.

या अवस्थेत सांगाडा डुलतो. हातात घेतला की वळतो, पिळतो, जवळजवळ घडी होतो. पहिल्यांदा करणारी माणसे इथे घाबरतात आणि आपल्या गाठी सैल पडल्या असे समजून पुन्हा आवळत बसतात. गाठींचा यात दोष नसतो. चौकोन स्वभावानेच डळमळीत असतो. त्याला ताठ करतो तो कागद. खालच्या चौकोनाला पणतीसाठी आडवी काडी बांधली, वरच्याला टांगायचा दोर कोपऱ्याकोपऱ्यातून घेतला आणि बाजूचे चार चौकोन व आठ त्रिकोण कागदाने मढले, की तोच कंदील ठोकला तरी हलत नाही. कागद इथे शोभेचा नसून बांधकामाचा भाग आहे. ज्यांना सजावट म्हणजे वरून चिकटवलेली वस्तू वाटते, त्यांनी हा कंदील एकदा बांधून पाहावा.

खळ मैद्याची. पाण्यात कालवून मंद आचेवर सतत ढवळत, पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाली की उतरवायची. किडीसाठी चिमूटभर मोरचूद, आणि ते भांडे पोरांपासून दूर. कागद काडीपेक्षा बोटभर मोठा कापायचा, कडा आत दुमडायच्या. कागद किंचित दमट असताना चिकटवला तर वाळताना ताणला जातो आणि टिचकी मारली की वाजतो. पतंगी कागद स्वस्त, पण आठ दिवसांत रंग उडतो. आमच्या बैठकीत हातकागदच असावा हा माझा आग्रह, आणि त्यावरून माझे अनेकांशी वाद झाले. महाग आहे, रंग कमी मिळतात, असे ते म्हणत. मी म्हणत असे, एक ताव घ्या, चार घरांत वाटा, बाजूचे चार चौकोन तेवढे हातकागदाचे करा आणि त्रिकोणांना हवा तो रंग द्या. रात्री दिवा लागला की वाद संपत असे.

गाठीसाठी सूत, आणि तेही हातसूत. यात भावनेचा प्रश्न नाही. नायलॉनचा धागा गुळगुळीत असतो, गाठ घसरते. हातसुताला खरखरीतपणा असतो. ते खळीत बुडवून बांधले तर वाळल्यावर गाठ दगडासारखी होते. सुताचा धडा वर्ध्याइतका कुठे मिळणार? इथे पाहुण्याच्या गळ्यात फुलांऐवजी सूतमाळ घालतात. दर 12 फेब्रुवारीला पवनारला धाम नदीच्या काठी गांधीजींच्या स्मृतीला सूतांजली वाहिली जाते; एक गुंडी म्हणजे 640 तार. कताई करणाऱ्यांकडे तुटलेल्या, बारीक-जाड झालेल्या सुताची गुंतवळ उरते. आम्ही ती मागून आणत असू. हिंगणघाटच्या बाजारात बोरे भरभरून कापूस येणाऱ्या जिल्ह्यात घराच्या दिव्याला प्लास्टिकची दोरी लागावी, ही गोष्ट मला कधी सहन झाली नाही.

काम वाटलेले असायचे. म्हातारी माणसे तासत, मोठ्या पोरी गाठी मारत, लहान पोरे झिरमिळ्या कापत. झिरमिळीसाठी कागदाच्या पट्टीची घडी घालून आळीपाळीने दोन्ही बाजूंनी कात्री चालवायची आणि हलक्या हाताने ओढायची. ओढणाऱ्याचा हात जड असेल तर तीच पट्टी पुन्हा. जो तयार होई तो कंदील ज्याच्या घरी बैठक त्याचा. त्यामुळे आपला कंदील आपण एकट्याने केला असे कुणालाच म्हणता येत नसे, आणि कुणाचा कंदील नाही असेही होत नसे. गल्लीत एक विधवा आजी एकट्या राहत. त्यांच्याकडे बैठक सगळ्यांत आधी व्हायची, हे ठरलेले होते. तसे ठरवले कुणी हे मला आठवत नाही.

आता आजचे. तयार कंदिलाचा मला राग नाही. नोकरी करणाऱ्या सुनेला बारा संध्याकाळी कुठून मिळणार, हे मला समजते. एलईडीच्या दिव्याचे तर मी स्वागत करते. तो तापत नाही, कागदाला धोका नाही, पणतीच्या काळजीने रात्री उठावे लागत नाही. थर्माकोलचे मखर आणि सजावट 2018 च्या राज्याच्या बंदीनंतर निदान कागदावर तरी थांबली, हेही चांगले झाले. नोव्हेंबर 2017 मध्ये कायदा बदलून वनाबाहेरचा बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला. शेताच्या बांधावर बांबू लावून तो विकणे त्यामुळे सोपे झाले. मगनवाडीत एमगिरी ही संस्था ग्रामोद्योगाचे काम करते आहे, मगन संग्रहालय आहे, सेवाग्रामात नई तालीमच्या आवारात आनंद निकेतन शाळा 2005 पासून चालू आहे. साहित्य आहे, जाणकार आहेत. गेली ती बैठक.

तिच्या जागी आली आहे कार्यशाळा. शुल्क भरायचे, खुर्चीसमोर तयार पाकीट असते, त्यात मापात कापलेल्या काड्या, भोके पाडलेला पुठ्ठा, ग्लू गन. दोन तासांत प्रत्येकाच्या हातात सारखाच कंदील, आणि शेजारी कोण बसले होते हे घरी जाताना ठाऊक नसते. या कार्यशाळा घेणाऱ्या काही उत्साही मंडळींनी मला समजावले की लोकांना गाठ मारायला वेळ नाही, म्हणून ग्लू गन. पण गाठ मारण्यासाठीच तर दुसरे माणूस लागते! गाठीवर बोट ठेवणारे माणूस काढून टाकले की जवळ बसायचे कारणच संपते. दुसरी मंडळी ‘टाकाऊतून टिकाऊ’वाली. बाटलीची फुले, स्ट्रॉची माळ, सीडीचे तोरण. हेतू चांगला आहे हे मान्य. पण ते प्लास्टिक दिवाळीपुरते भिंतीवर लटकते आणि देवदिवाळीनंतर कचऱ्यातच जाते. बांबू, सूत, मैदा आणि चिंध्यांचा कागद यांचा कंदील उकिरड्यावर टाकला तर पुढच्या पावसाळ्यात त्याची माती होते.

सर्वांत वाईट वाटते ते शाळांचे. दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांना कंदील ‘करून आणा’ असे सांगितले जाते. आई-बाप रात्री अकरा वाजता दुकानातला आणून त्यावर मुलाचे नाव लिहितात आणि प्रदर्शनात त्यालाच बक्षीस मिळते. परीक्षक म्हणून गेलेल्या एका शाळेत मी तीन कंदिलांखाली किमतीची चिकटपट्टी पाहिली. त्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांना गाठ मारायला कुणी शिकवलेच नाही, आणि न शिकवलेल्या गोष्टीची परीक्षा घेणे हा अन्याय आहे.

म्हणून माझे सांगणे सोपे आहे आणि ते शिक्षकांना उद्देशून आहे. कंदील घरून मागवू नका. बुरडाकडून कामट्या आणा, त्याला वर्गात बोलवा, बांबू कसा फाडतात ते मुलांना त्याच्याच हातून पाहू द्या आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. आठवीच्या भूमितीच्या चार तासिका आणि कार्यानुभवाच्या दोन जोडून घ्या. चार-चार मुलांचे गट करा, प्रत्येक गटाला एक मापाची काडी आणि सुताची गुंतवळ द्या. शेवटची तासिका संध्याकाळी ठेवा आणि पालकांनाही बसायला सांगा. कागद मढवण्याचे काम त्यांच्याकडे द्या, म्हणजे मुले त्यांना शिकवतील. गटाचा कंदील कुणाच्या घरी जायचा हे मुलांनाच ठरवू द्या. त्यांनी तो गल्लीत एकट्या राहणाऱ्या कुणाच्या दारात लावायचे ठरवले, तर गुणपत्रिकेत त्या गटाला पूर्ण गुण द्या.